निर्मनुष्य आकाशातले स्फोट

१८ डिसेंबर २०१८. रशियाच्या कामचात्का द्वीपकल्पाजवळ, बेरिंग समुद्राच्या आकाशात भर दुपारी अवकाशातून आलेला एक खडक फुटला. व्यास दहा मीटरच्या आसपास, वेग सेकंदाला ३२ किलोमीटर, आणि येण्याची दिशा बरीच उभी. समुद्रापासून साधारण २५ किलोमीटर उंचीवर त्याच्या ठिकऱ्या उडाल्या. १७३ किलोटन टीएनटी या स्फोटकाइतकी ऊर्जा बाहेर पडली, म्हणजे हिरोशिमावरच्या बॉम्बच्या दहापटीहून जास्त. खाली ढगांचा थर होता आणि त्याखाली हिवाळ्यातला ओसाड समुद्र. जगभर याची चर्चा झाली ती मार्च २०१९मध्ये, स्फोटाला तीन महिने होत आल्यावर.

हवेसारख्या विरळ गोष्टीवर आदळून खडक फुटतो तरी कसा? इथे सगळा खेळ वेगाचा आहे. खडक इतक्या जोरात घुसतो की समोरच्या हवेला बाजूला सरायला वेळच मिळत नाही. ती दाबली जाते आणि हजारो अंश तापते. खाली यावं तशी हवा दाट होत जाते, समोरून येणारा दाब वाढतो. खडकात आधीपासून भेगा असतातच. दाब त्याच्या ताकदीपलीकडे गेला की खडक दुभंगतो. तुकडे झाले की हवेला भिडणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, त्यामुळे तुकड्यांचे आणखी तुकडे होतात आणि सगळा वेग क्षणात हवेत जिरतो. आत कुठलंही स्फोटक नसतं, पण सेकंदाला ३२ किलोमीटर वेगाने येणाऱ्या एका किलो दगडात सुमारे १२० किलो टीएनटीइतकी गतिज ऊर्जा साठलेली असते.

पृथ्वीचा बहुतेक पृष्ठभाग समुद्र, वाळवंट, बर्फ आणि जंगलांनी व्यापलेला आहे, त्यामुळे असे बहुतेक स्फोट वस्तीपासून दूरच होतात. फेब्रुवारी २०१३मध्ये रशियातल्या चेल्याबिन्स्क शहराजवळ झाला तो अपवाद. तिथे फुटलेल्या काचांनी दीड हजारांच्या आसपास माणसं जखमी झाली आणि गाड्यांमधल्या कॅमेऱ्यांनी सगळं टिपलं. समुद्रावर असले कॅमेरे नसतात.

पण कान असतात. मोठा स्फोट आपल्याला ऐकू न येणारा, २० हर्ट्झपेक्षा खालचा आवाजही काढतो. त्याला इन्फ्रासाउंड म्हणतात. हा आवाज हवेत फारसा विरत नाही आणि वरच्या थरांतल्या वाऱ्यांमुळे पुन्हा जमिनीकडे वळत हजारो किलोमीटर जातो. चोरून केलेल्या अणुचाचण्या पकडता याव्यात म्हणून अणुचाचणीबंदी करारानुसार जगभर साठ इन्फ्रासाउंड केंद्रांचं जाळं आखलं गेलं. प्रत्येक केंद्रात हवेच्या दाबातले बारीक चढउतार मोजणारी यंत्रं एकमेकांपासून अंतर राखून बसवलेली असतात. लहर कुठल्या यंत्रापाशी आधी पोचली, कुठल्यापाशी नंतर, यावरून ती कुठून आली ते समजतं. दोन-तीन केंद्रांच्या दिशा नकाशावर आखल्या की त्या जिथे छेदतात, ती स्फोटाची जागा. स्फोट जितका मोठा, तितकी लहरीची आंदोलनं संथ. यावरून ऊर्जेचा अंदाज बांधता येतो. बेरिंग समुद्रावरचा स्फोट कॅनडातल्या पीटर ब्राउन या संशोधकाला अशाच नोंदींमध्ये सापडला. अण्वस्त्रांच्या धास्तीपोटी लावलेले कान अवकाशातून येणाऱ्या दगडांसाठी कामी यावेत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मग जुन्या उपग्रहचित्रांचा शोध सुरू झाला. नासाचा टेरा हा उपग्रह स्फोटानंतर काही मिनिटांतच त्या भागावरून गेला होता. त्याच्या चित्रांत ढगांवर पडलेली धुराच्या पट्ट्याची गडद सावली दिसते आणि शेजारी तापलेल्या हवेने नारिंगी झालेला एक पुंजका. आता विजांची नोंद ठेवणाऱ्या हवामान उपग्रहांच्या माहितीतूनही असे लखलखाट वेगळे काढले जातात.

३० जून १९०८ रोजी सायबेरियात तुंगुस्का नदीच्या खोऱ्यावर स्फोट झाला, तेव्हा यातलं काहीच नव्हतं. दूर ब्रिटनमधल्या वायुदाबमापकांवरही त्याची लहर उमटली, पण लिओनिद कुलिक हे सोव्हिएत संशोधक तिथवर पोचले ते १९२७मध्ये. ते विवर शोधत होते. त्यांना दिसली ती आडवी झालेली झाडं, मैलोन्‌मैल. आणि नेमकं मधोमध मात्र झाडं उभी होती, फांद्या झडून खांबांसारखी, कारण तिथे दाबाची लहर थेट डोक्यावरून आली होती. पुढे पाहणी झाली तेव्हा सुमारे २,१५० चौरस किलोमीटरवरची झाडं पडलेली आढळली. नकाशावर त्यांचा आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा निघाला. १९६०च्या दशकात सोव्हिएत संशोधकांनी काड्यांचं छोटं जंगल उभारलं आणि त्यावर वेगवेगळ्या कोनांतून छोटे स्फोट घडवले. तिरकस येणाऱ्या स्फोटाने काड्या आडव्या झाल्या त्या तशाच फुलपाखराच्या आकारात. जंगल स्वतःच मोजमापाचं यंत्र ठरलं होतं.

आवाज आणि प्रकाश यांवरून ऊर्जा कळते, दगड कशाचा होता ते कळत नाही. त्यासाठी तो हातात यावा लागतो. ६ ऑक्टोबर २००८ रोजी अमेरिकेतल्या कॅटलिना आकाश सर्वेक्षणाला सुमारे चार मीटरचा एक लघुग्रह पृथ्वीकडे येताना दिसला. हाती जेमतेम एक दिवसही नव्हता, तरी जगभरच्या दुर्बिणी त्याच्याकडे वळल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे सुदानमधल्या नुबियन वाळवंटावर ३७ किलोमीटर उंचीवर तो फुटला. डिसेंबरमध्ये पीटर येनिस्केन्स आणि मुआविया शद्दाद या संशोधकांसोबत खार्टूम विद्यापीठाचे विद्यार्थी वाळवंटात ओळ धरून, जमीन न्याहाळत चालू लागले. या आणि नंतरच्या शोधांत सुमारे सहाशे तुकडे मिळाले, सगळे मिळून दहा किलोंच्या आसपास. अवकाशात आधी पाहिलेल्या लघुग्रहाचे तुकडे हाती येण्याची ती पहिलीच वेळ. जवळच्या रेल्वे स्थानकावरून त्यांना ‘अल्महाता सित्ता’, म्हणजे सहावं स्थानक, हे नाव मिळालं. बरेचसे तुकडे काळे, सच्छिद्र आणि ठिसूळ निघाले. हवा अजून विरळ असतानाच, इतक्या उंचीवर, तो खडक का फुटला याचं उत्तर त्या छिद्रांत होतं.