गादीवाफा आणि सपाट वाफा: आधी मातीची पातळी पाहावी

घराच्या परसात विटांची एक ओळ चौकोनात लावायची, आत माती आणि शेणखत भरायचे आणि त्यात भाजी पेरायची, ही हौस अलीकडे जळगाव-धुळ्याकडच्या वसाहतींमध्ये चांगलीच रुजली आहे. अशा प्रत्येक चौकटीला लोक सरसकट गादीवाफा किंवा ‘रेज्ड बेड’ म्हणतात. त्यांतल्या बऱ्याच चौकटी प्रत्यक्षात सपाट वाफे असतात, आणि नावातली ही गल्लत पहिला मोठा पाऊस होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

सपाट वाफ्याला चारही बाजूंनी बांध असतो आणि आतली माती बांधापेक्षा खाली असते; पाटाचे किंवा नळीचे पाणी आत सोडायचे, ते वाफाभर पसरून सावकाश मुरते. गादीवाफ्याच्या बाजूने सरी, म्हणजे लांबट चर असतो; पिकाची माती या सरीच्या तळापेक्षा १५ ते ३० सेंटीमीटर वर असते आणि मुळांना नको असलेले पाणी त्या सरीत उतरते. म्हणजे एकाची रचना पाणी पिकापाशी थांबवण्यासाठी, तर दुसऱ्याची ते पिकापासून दूर नेण्यासाठी केलेली असते. कडेला वीट आहे, फळी आहे की नुसता मातीचा उतार आहे, याचा या फरकाशी काहीही संबंध नाही.

अमळनेरला घरामागे मी पहिल्यांदा वाफा केला तेव्हा हीच चूक केली होती. विटा उभ्या लावल्या, आत माती भरली, पण ती विटांच्या काठापासून चार बोटे खाली आणि बाहेरच्या अंगणाच्या जेमतेम बरोबरीत राहिली. जुलैत सलग दोन दिवस पाऊस लागला आणि नुकतीच उगवलेली मेथी पाण्याखाली गेली; तिसऱ्या दिवशी ती पिवळी पडून आडवी झाली होती. शेजारचे आप्पा कुंपणाशी आले, त्यांनी एकवार पाहिले आणि म्हणाले, “हाऊ वाफा नही भाऊ, हौद शे.” तेव्हापासून वाफा पाहायला कोणी बोलावले की मी आधी एक सरळ काठी कडांवर आडवी ठेवतो आणि काठीपासून आतली माती किती खाली आहे व बाहेरची जमीन (सरी असेल तर तिचा तळ) किती खाली आहे, ही दोन अंतरे मोजतो. आतले अंतर बाहेरच्यापेक्षा निदान १५ सेंटीमीटर कमी भरले, तरच तो गादीवाफा.

हा फरक सगळीकडे महत्त्वाचा असला तरी तापीकाठच्या काळ्या जमिनीत तो विशेष जाणवतो. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते, म्हणून उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात याच भेगा मिटतात आणि पाणी खाली जाण्याची वाट जवळजवळ बंद होते. मातीच्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही, रोपांच्या बुडाशी बुरशी वाढते आणि रोपे कोलमडतात. वांगी, मिरची आणि टोमॅटोची रोपे गादीवाफ्यावर टाकावीत, असे जे सांगितले जाते, ते यासाठीच. भरिताच्या वांग्याची रोपे घरी करणारी माणसे या बाबतीत फार काटेकोर असतात, आणि ते योग्यच आहे. रोपवाटिकेत मर लागली तर हिवाळ्यातले भरीत विकतच्या वांग्यांचे होते. शेतातही हेच तत्त्व चालते. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे असलेल्या इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेने १९७० च्या दशकापासून काळ्या जमिनींसाठी रुंद वरंबा आणि सरीच्या पद्धतीवर काम केले. आज सोयाबीनसाठी बीबीएफ (ब्रॉड बेड अँड फरो, म्हणजे रुंद वरंबा आणि सरी) म्हणून जी पेरणी होते, ती त्याच घराण्यातली.

मग बाराही महिने गादीवाफाच का ठेवू नये? याचे उत्तर आपल्या उन्हात आहे. उंच वाफ्याचे कौतुक सांगणारे बहुतेक व्हिडिओ थंड देशांतले असतात, आणि तिथे उंच केलेली माती वसंतात लवकर तापते हा त्याचा मोठा गुण मानला जातो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या आपल्या भागात मातीने लवकर तापावे अशी इच्छा कोणाचीही नसेल. उंच वाफ्याला वरून आणि बाजूंनीही ऊन आणि वारा लागतो, त्यामुळे तो सपाट वाफ्याच्या कितीतरी आधी कोरडा पडतो. पश्चिमेची बाजू विटांची असेल तर ती दुपारभर तापून मुळांपर्यंत उष्णता पोचवते. फेब्रुवारीपासून पुढे पालक, कोथिंबीर, पोकळा या उथळ मुळांच्या भाज्यांना सपाट वाफाच मानवतो. पाणी कमी लागते आणि सकाळी दिलेला ओलावा संध्याकाळपर्यंत टिकतो. पांझरेच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या फड पद्धतीने, म्हणजे नदीवर बंधारा घालून पाटाचे पाणी सामाईकपणे वाटून घेत, बागायत करणाऱ्या या मुलखात वाफा भरून पाणी देण्याची सवय हाताला आहेच, ती मागासलेली समजण्याचे कारण नाही.

आणखी एक फरक सहसा कोणी सांगत नाही, तो क्षारांचा. बोअरचे पाणी मचूळ असेल आणि ते फक्त सरीतून दिले जात असेल, तर ओल वाफ्याच्या माथ्याकडे चढते, तिथे पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे उरतात. काही आठवड्यांत माथ्यावर पांढरट पापुद्रा दिसू लागतो. अशा वेळी रोप माथ्याच्या मधोमध न लावता वाफ्याच्या खांद्यावर लावावे आणि अधूनमधून झारीने वरून पाणी द्यावे, म्हणजे क्षार खाली धुतले जातात. सपाट वाफ्यात पाणी वरूनच मुरत असल्याने हा त्रास पुष्कळ कमी असतो.

गादीवाफा करण्याची रीत अवघड नाही, फक्त वेळ साधावी लागते. कोरड्या काळ्या मातीत कुदळ मारली तर ढेकळे निघतात आणि ओल्या मातीत फावडे मारले तर चिखलाच्या विटा होतात. म्हणून मेअखेर जागा एकदा भिजवावी, चार-पाच दिवस थांबावे आणि मूठभर माती दाबून नंतर बोटाने टोचली असता ती फुटते, असा वाफसा आला की काम सुरू करावे. रुंदी १ मीटर पुरते, कारण दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे आणि वाफ्यावर पाय पडता कामा नये. लांबी ३ मीटर ठेवल्यास फिरायला सोपे जाते. माती विकत आणण्याची गरज बहुधा पडत नाही. बाजूची ४५ सेंटीमीटर रुंदीची सरी १५ सेंटीमीटर खोल खणून तीच माती वाफ्यावर ओढली, तर वाफा साधारण ७ सेंटीमीटर वर येतो आणि सरीच्या तळापासून मोजल्यास उंची २२ सेंटीमीटर भरते. त्यात दोन-तीन घमेली कुजलेले शेणखत मिसळावे. थोडीथोडकी वाळू टाकून काळी माती सैल होत नाही. सरीला मात्र खालच्या अंगाला तोंड हवेच, नाहीतर पाणी सरीतच तुंबते आणि एवढी खटपट वाया जाते.

विटांची किंवा फळ्यांची चौकट ही सोय आहे. अंगणात नुसता मुरूम किंवा फरशी असेल, घरातल्या वडीलधाऱ्यांना वाकणे जमत नसेल किंवा कोंबड्या माती उकरत असतील तर ती जरूर करावी. चौकटीत निव्वळ काळी माती भरू नये. ती फुगून पातळ भिंतीला तडे पाडते. पोयटा (गाळाची माती) आणि खत यांचे मिश्रण भरावे, आणि बुडाशी पाणी निघायला फटी ठेवाव्यात.

मी आता वर्षभर एकच जागा दोन्ही तऱ्हेने वापरतो. जूनपासून हिवाळ्यापर्यंत तिथे गादीवाफा असतो आणि त्यावर वांगी, मिरची, मुळा, गाजर निघतात. फेब्रुवारीत पीक निघाले की दाताळ्याने माथ्याची माती सरींत ओढून जमीन एकसारखी करतो, कडेने वितीचा बांध घालतो, कोथिंबीर पेरतो आणि वर केळीची वाळलेली पाने पसरतो. उगवण दिसू लागली की ती पाने उचलून ओळींच्या मध्ये सरकवतो. चार कोपऱ्यांच्या खुंट्या मात्र उपटत नाही, कारण जूनच्या आधी सरी पुन्हा त्याच दोरीवर खणायची असते.