'द ग्लोरी': सूडकथेमागचं कोरिया

किम उन-सुक या कोरियातल्या प्रेमकथांच्या हुकमी लेखिका. 'द ग्लोरी' ही त्यांची सूडकथा डिसेंबर 2022 मध्ये नेटफ्लिक्सवर येणार होती. तिचं बीज लेकीच्या एका प्रश्नात असल्याचं त्यांनी तेव्हा सांगितलं. मी कुणाला मरेस्तोवर मारलं तर तुला जास्त त्रास होईल, की कुणी मला मारलं तर, असं लेकीने विचारलं होतं.

कथेतल्या दोंग-उनला वर्गातल्या मुली केस कुरळे करायच्या तापलेल्या यंत्राने चटके देतात. आई पैसे घेऊन तडजोडीवर सही करून मोकळी होते, आणि शाळा सुटते ती हिचीच. पुढे दोंग-उन शिक्षिका होते आणि छळणारीच्याच मुलीच्या वर्गावर रुजू होते.

चटक्यांचा प्रसंग भडक वाटतो, पण 2006 मध्ये चोंगजू शहरात एका शाळकरी मुलीच्या बाबतीत हेच झालं होतं. मालिका आल्यावर कोरियन वृत्तपत्रांनी ते प्रकरण पुन्हा बाहेर काढलं.

तिथे याला 'हाकपोक' म्हणतात, म्हणजे शालेय हिंसा. (आपल्याकडे कॉलेजात घडलं तर रॅगिंग, शाळेत घडलं तर 'पोरांची मस्ती'!) त्याविरुद्धचा कायदा 2004 पासूनच आहे. पण देश हादरला तो डिसेंबर 2011 मध्ये, देगूतल्या एका शाळकरी मुलाच्या आत्महत्येने. सोबतच्या मुलांनी घरी येऊन काय काय केलं, ते त्याने चिठ्ठीत लिहून ठेवलं होतं. त्यानंतर 2012 पासून दोषी विद्यार्थ्यावरची कारवाई त्याच्या शालेय नोंदवहीत चढू लागली.

नोंद म्हणजे कॉलेज प्रवेशावर सावट. मग पैसेवाले पालक कोर्टात जाऊ लागले. मालिकेचा पहिला भाग 30 डिसेंबरला आला, दुसरा 10 मार्च 2023 ला. मधल्या काळात, 24 फेब्रुवारीला, माजी सरकारी वकील चंग सुन-शिन यांची राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या प्रमुखपदी नेमणूक झाली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना माघार घ्यावी लागली. त्यांच्या मुलाने वसतिगृहातल्या सोबत्याचा शब्दांनी छळ केला होता. शाळा बदलण्याचा आदेश निघाला, तर वडिलांनी तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवला. खटला हरले, तरी मुलगा सोल राष्ट्रीय विद्यापीठात पोचला. पटकथेत घातलं असतं तर कुणी म्हटलं असतं, जरा जास्तच झालं.

एप्रिलमध्ये सरकारने नियम कडक केले. गंभीर कारवाईची नोंद शाळा सुटल्यावर दोनऐवजी चार वर्षं राहणार आणि 2026 च्या प्रवेशांपासून सगळ्या विद्यापीठांना ती विचारात घ्यावी लागणार, असं ठरलं.

दुसरा भाग आला त्याच दिवशी दिग्दर्शक आन गिल-हो यांच्यावरही बोट रोखलं गेलं. 1996 मध्ये फिलिपिन्समध्ये शिकत असताना त्यांनी काही लहान मुलांना मारहाण केल्याचा आरोप होता. आधी त्यांनी इन्कार केला. दोन दिवसांनी वकिलामार्फत माफी मागितली.