संगीत दिग्दर्शन : पुण्यातील नभोवाणी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी

शब्दांना चाल लावणे, वाद्यमेळ ठरवणे, गायकाकडून गाणे बसवून घेणे आणि ध्वनिमुद्रण पार पाडणे या सगळ्या कामाला मिळून संगीत दिग्दर्शन म्हणतात. या कामावर रागतालाइतकीच हुकमत वेळेची असते आणि प्रत्येक माध्यम ती वेळ निराळ्या मापाने मोजते. पुण्यात प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये आली, आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि प्रभातच्याच आवारात १९६० मध्ये चित्रपट प्रशिक्षण संस्था उभी राहिली. त्यामुळे येथील संगीतकारांची ये-जा एका माध्यमातून दुसऱ्यात सहज होत राहिली.

सुधीर फडके (१९१९–२००२) हे त्याचे ठळक उदाहरण होय. प्रभातच्या ‘गोकुळ’ (१९४६) या चित्रपटाला संगीत दिल्यावर ते चित्रपटसृष्टीत स्थिरावले; परंतु त्यांची सर्वांत मोठी कसोटी लागली ती पुणे केंद्रावरच्या गीतरामायणात, म्हणजे रामकथा सांगणाऱ्या साप्ताहिक गीतमालिकेत. केंद्रावरील सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने ग. दि. माडगूळकरांनी ते लिहिले. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला, शुक्रवारी, पहिले गीत लागले. त्या वर्षी अधिक भाद्रपद आल्याने पुढची रामनवमी ३८४ दिवसांनी, १९ एप्रिल १९५६ रोजी पडली आणि गीतांची संख्या ५६ वर गेली. म्हणजे वर्षभराहून अधिक काळ दर आठवड्याला नवे गीत हातात पडायचे, त्याला चाल लागायची, तालीम व्हायची आणि ते सकाळी पावणेनऊला श्रोत्यांपर्यंत पोहोचायचे. त्या काळच्या ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. पंधरा मिनिटांच्या प्रसारणात ते बंधन नव्हते, म्हणून कडव्यामागून कडवे येऊ शकले. पहिल्या गीताचा भूप राग आणि अखेरच्या गीताची भैरवी, म्हणजे मैफलीची सांगता ज्या रागाने करतात तो राग, पाहिला, तर वर्षभर पसरलेल्या या मालिकेची बांधणी मैफलीसारखी वाटते. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक अशा अनेकांनी ही गीते गायिली. फाटक पुढे पुणे केंद्रावर स्वतःही संगीतकार म्हणून गाजले, पं. भीमसेन जोशी यांच्या आवाजातील ‘तीर्थ विठ्ठल, क्षेत्र विठ्ठल’ या अभंगाची चाल त्यांचीच.

चित्रपटात वेळ ठरवते ती संकलित झालेली फीत. पार्श्वसंगीताचा तुकडा दृश्याच्या लांबीला सेकंदाच्या हिशोबाने बसवावा लागतो, आणि कोठे काहीच वाजवायचे नाही हेही ठरवावे लागते, जे बऱ्याच जणांना अवघड जाते. प्रभातच्या ‘कुंकू’ (१९३७) मध्ये, केशवराव भोळे संगीतकार असूनही, पार्श्वसंगीत टाळून दृश्यातल्याच आवाजांवर भर दिला होता. सतारवादक भास्कर चंदावरकर (१९३६–२००९) यांनी चित्रपट संस्थेत १९६५ ते १९८० अध्यापन केले. ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक आणि ‘सामना’ (१९७५) हा चित्रपट यांचे संगीत त्यांचे आहे.

मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन सुरू झाले आणि पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे त्याचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. मालिकेत शीर्षकगीताच्या वाट्याला फार थोडा वेळ येतो. मुखडा, म्हणजे गाण्याचा सुरुवातीचा भाग, पहिल्या ओळीतच पकड घेणारा लागतो, कारण बहुतेकदा ते पडद्यावर दिसण्याआधी शेजारच्या खोलीत ऐकू येते.