मुलांच्या चाळणी चाचण्या : विश्वसनीयता आणि सप्रमाणता

चाळणी चाचणी म्हणजे वरवर ठीक दिसणाऱ्या पुष्कळ मुलांमधून कुणाची नीट तपासणी करायला हवी ते पटकन आणि स्वस्तात शोधायची पद्धत. शाळेतला डोळ्यांचा तक्ता, अंगणवाडीतली दंडघेराची पट्टी, दीड-दोन वर्षांच्या बाळाच्या आईला विचारायचे ऑटिझमचे 20 प्रश्न, पहिली-दुसरीच्या बाईंनी भरायचा वाचनातल्या अडचणींचा फॉर्म, हे सगळं यात आलं. एमपीएससीची चाळणी परीक्षा वेगळी, तिथे वर राहतात त्यांना पुढे घेतात, इथे मदत कुणाला लागू शकते ते बघायचं असतं. आणि मूल चाळणीत अडकलं म्हणजे निदान झालं असं अजिबात नाही, हे पालकांना (आणि खरं सांगायचं तर कित्येक शिक्षकांनासुद्धा) दहादा सांगावं लागतं.

चाचणी कितपत चांगली हे दोन गोष्टींवरून ठरवतात. परत मोजलं तर तेच उत्तर येतं का, ही विश्वसनीयता. आणि जे मोजतोय म्हणतो तेच मोजलं जातंय का, ही सप्रमाणता, काही पुस्तकांत तिलाच यथार्थता किंवा वैधता म्हणतात. बीएडला हे सगळ्यांनी वजनकाट्याच्या उदाहरणासकट पाठ केलेलं असतं, काटा रोज दोन किलो जास्त दाखवतो म्हणजे विश्वसनीय आहे पण सप्रमाण नाही. उदाहरण बरोबरच आहे, फक्त त्यामुळे एक गैरसमज होतो की हे गुण चाचणीच्या कागदात छापून येतात. तसं नसतं, कुठल्या मुलांवर, कुठल्या भाषेत, कुणी घेतली यावर दोन्ही बदलतात, आणि पुस्तिकेतला आकडा आपल्या वर्गाला जसाच्या तसा लागू होईल याची काही खात्री नाही.

पट्टी कोण ओढतं

दंडघेराचंच घ्या. 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलाचा डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडलेला असताना मोजायचा. 11.5 सेंमीच्या खाली लाल म्हणजे सॅम (तीव्र कुपोषण), 11.5 ते 12.5 पिवळा म्हणजे मॅम (मध्यम कुपोषण), वर हिरवा. इतकं सोपं की कुणालाही जमेल असं वाटतं, पण एक ताई पट्टी जरा घट्ट ओढते, दुसरी सैल धरते, मूल रडत हात आखडून घेतं आणि दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो. ज्याचा दंड 14 सेंमी आहे त्याला याने काही होत नाही, पण 11.6 वाल्या पोराचा रंगच बदलतो आणि उपचारांच्या यादीत नाव येणार की नाही तेही बदलतं. म्हणजे चूक सगळ्यांच्या बाबतीत सारखीच, तिचा फटका मात्र रेषेजवळच्या पोरांना.

दोन मोजणारे किती जुळतात हे नुसत्या टक्क्यात सांगितलं तर फसायला होतं. समजा दोन्ही ताई 100 पैकी 95 मुलांना डोळे मिटून ठीक म्हणतात आणि 5 जणांना उगाच वेगळं काढतात, तरी नुसत्या योगायोगाने त्यांची साधारण 90 टक्के जुळणी दिसेल. म्हणून योगायोगाचा हिस्सा वजा करून उरलेली जुळणी सांगणारा कप्पा नावाचा आकडा वापरतात, जेकब कोहेन यांनी 1960 मध्ये मांडलेला. प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत यासाठी क्रॉनबॅकचा अल्फा (1951) असतो, बहुतेक प्रबंधांत हाच एक आकडा टाकून विश्वसनीयतेचा विषय संपवलेला असतो, जे खरं तर अर्धंच काम आहे. तीच चाचणी थोड्या दिवसांनी परत घेऊन बघणं जास्त बोलकं, पण लहान मुलांत त्यातही गोची अशी की दीड वर्षाचं बाळ महिन्याभरात पाच-दहा नवे शब्द शिकलेलं असतं, मग गुण बदलले ते चाचणी डळमळीत म्हणून की पोर वाढलं म्हणून?

विश्वसनीयता 0 ते 1 मध्ये सांगतात, चाळणीसाठी 0.80 च्या आसपास चालते, एकेका मुलाबद्दल मोठा निर्णय घ्यायचा तर 0.90 लागते असा संकेत आहे. 0.90 ऐकायला भारी वाटतं. पण बुद्ध्यांकाच्या चाचणीत प्रमाण विचलन (मुलांचे गुण सरासरीपासून किती पसरलेत ते) 15 आणि विश्वसनीयता 0.91 धरली तर मापनाची प्रमाण त्रुटी (एका मोजणीत सहसा पडणारी चूक) 4.5 येते, दोन्ही बाजूंना तिची दुप्पट धरली तर 70 आलेल्या मुलाचा खरा आकडा साधारण 61 ते 79 मध्ये कुठेही असू शकतो. प्रमाणपत्रावर मात्र नुसता 70 लिहिला जातो.

खरं कशाला म्हणायचं

सप्रमाणता तपासायची तर चाळणीचं उत्तर कुठल्यातरी पक्क्या तपासणीशी ताडून बघावं लागतं. खरोखर अडचण असलेल्यांपैकी किती पकडले ती संवेदनशीलता, अडचण नसलेल्यांपैकी किती बरोबर सोडले ती विशिष्टता. एक वाढवायला गेलं की सहसा दुसरी घटते, कारण भोकं बारीक केली की गव्हाबरोबर खडेही वरच राहतात. लहान मुलांचा विकास तपासणारी अमेरिकेतली डेन्व्हर चाचणी (सुधारित आवृत्ती 1992 ची) जगभर वापरली गेली, पण त्याच वर्षीच्या एका तपासणीत तिची संवेदनशीलता 83 टक्के आणि विशिष्टता फक्त 43 टक्के निघाली, म्हणजे ठणठणीत मुलांपैकी अर्ध्याहून जास्त उगाच पुढे पाठवली जात होती. आपल्याकडचा तिरुवनंतपुरमचा विकास तक्ता, 2 वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी 17 गोष्टींचा, साधारण 67 आणि 79 टक्क्यांवर आहे. कुठली चाळणी बरी? पुढे तपासायला डॉक्टर किती आहेत त्यावर ठरतं.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती गोष्ट. 1000 मुलं, त्यात 50 जणांना खरी अडचण, चाचणीची संवेदनशीलता 80 आणि विशिष्टता 90 टक्के. 50 पैकी 40 सापडतील. उरलेल्या 950 पैकी 95 विनाकारण अडकतील. म्हणजे अडकलेल्या 135 पैकी खरे फक्त 40, तिसरा हिस्सासुद्धा नाही! तीच चाचणी जिथे 200 मुलांना अडचण आहे अशा ठिकाणी, समजा रेफर होऊन आलेल्या मुलांच्या क्लिनिकमध्ये वापरली तर अडकलेल्या 240 पैकी 160 खरे निघतात. चाचणी तीच, कागद तोच, फक्त मुलं वेगळी. क्लिनिकमध्ये छान चाललेली चाचणी शाळेत आणली की "काहीतरीच निकाल येतात" अशी तक्रार होते ती बऱ्याचदा यामुळेच.

यावरचा उपाय म्हणजे दोन टप्पे. ऑटिझमच्या एम-चॅट आर/एफ मध्ये 16 ते 30 महिन्यांच्या बाळासाठी 20 प्रश्न असतात, काळजीच्या प्रत्येक उत्तराला एक गुण, 3 ते 7 गुण आले तर आईवडिलांना फोन करून किंवा समोर बसवून त्याच प्रश्नांवर उदाहरणं मागत परत विचारायचं, 8 किंवा जास्त आले तर सरळ पुढे पाठवायचं. 2014 मध्ये छापलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात दोन्ही टप्प्यांत अडकलेल्यांपैकी 47.5 टक्क्यांना ऑटिझम निघाला, आणि विकासाचा कुठलाही प्रश्न धरला तर 94.6 टक्क्यांना. दुसरा टप्पा वेळ खातो म्हणून गाळला तर या आकड्यांवर हक्क सांगता येत नाही. आणि आपल्याकडे सासूबाई शेजारी बसलेल्या असताना "बाळ बोट दाखवून वस्तू मागतं का?" विचारलं की "हो हो, सगळं करतो तो" हेच उत्तर येण्याची शक्यता जास्त, हाही सप्रमाणतेचाच प्रश्न.

शाळेतल्या डोळ्यांच्या तपासणीची गंमत तर सगळ्यांना माहीत आहे. 6 मीटरवरून 6/9 ची ओळ (चांगल्या नजरेला 9 मीटरवरून दिसते ती) वाचता आली नाही तर पुढे पाठवायचं, आणि रांगेतली पोरं तोवर ती ओळ पाठ करून बसलेली. मग मोजली जाते ती स्मरणशक्ती. बोटांच्या फटीतून झाकलेल्या डोळ्याने बघणारे वेगळेच.

दंडघेरात वेगळीच अडचण आहे. उंचीच्या मानाने वजन मोजलं तर सॅम म्हणून निघणारी मुलं आणि दंडघेराने निघणारी मुलं पूर्णपणे तीच नसतात, बरीच वेगळी असतात. मग पक्की तपासणी कुठली मानायची? एकाच मापावर कार्यक्रम चालवला तर दुसऱ्या मापाने आजारी ठरणारी पोरं यादीबाहेर राहतात.

भाषा

भाषांतर केलं की चाचणी मराठी झाली असं समजणं ही फार जुनी चूक. इंग्रजीत वाचनाची अडचण शोधताना सुटे ध्वनी ओळखता येतात का बघतात, देवनागरीत पोरं अडतात काना-मात्रा-वेलांटीला, जोडाक्षराला, रफाराला. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 मध्ये आणलेली डाली ही चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशी चारही भाषांत मुलांवर तपासून बनवली, तिच्यात शिक्षकांनी भरायची चाळणी पहिली-दुसरीसाठी एक आणि तिसरी ते पाचवीसाठी एक. तरीसुद्धा मेळघाटात घरी कोरकू बोलणाऱ्या पोराला मराठी उतारा वाचायला दिला तर तो अडखळतो ते डिस्लेक्सियामुळे (वाचनाच्या अक्षमतेमुळे) की मराठी शाळेतच पहिल्यांदा कानावर पडली म्हणून, हे एकट्या गुणांवरून कळत नाही.

मानकं, म्हणजे मुलाचे गुण ज्यांच्याशी ताडतात ते आकडे, जुनी होणं हेही तसंच. मानसशास्त्रज्ञ कामतांनी बुद्ध्यांकाची बिने चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली ती 1930 च्या दशकात, कामाच्या मानाने फार मोठी गोष्ट, पण ती नंतर कित्येक दशकं दवाखान्यांत चालू राहिली, आणि जुन्या मानकांवर मोजलं की आजच्या मुलांचा बुद्ध्यांक फुगून दिसतो (याला फ्लिन परिणाम म्हणतात). 70 च्या रेषेजवळच्या (तिच्याखाली बौद्धिक अक्षमता धरतात) मुलाला फुगलेला आकडा मिळाला की सवलत हुकते.

चाळणीनंतर

जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी 1968 मध्ये चाळणीच्या 10 अटी लिहिल्या, त्यात निदान आणि उपचारांची सोय असली पाहिजे ही एक. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरला सुरू झाला, त्यात फिरती पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा जातात, अडकलेली मुलं जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राला मात्र चाळणीचा फॉर्म चालत नाही, पूर्ण तपासणी लागते, तीही 8 वर्षं झाल्यावरच, आणि 14 व्या आणि 18 व्या वर्षी परत.