जबडा मोडला, तर दातांचा डॉक्टर कशाला?

मुंबई-आग्रा महामार्गावर दुचाकी घसरून कुणी नाशिकच्या अपघात विभागात दाखल झालं आणि जबडा मोडलेला निघाला, की नातेवाईक हमखास विचारतात: हाड मोडलंय, मग दातांचा डॉक्टर कशाला? शंका रास्त आहे. जबड्याच्या आणि चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेची शाखा (ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरी) दंतवैद्यकात येते. पण ती तिथे का, याचं उत्तर मिळवायला बरंच मागे जावं लागतं.

आपल्याकडे चेहऱ्यावरची शस्त्रक्रिया वाढली ती नाकामुळे. शूर्पणखेची कथा पंचवटीकरांना सांगायला नको. नाक कापणं ही शिक्षाच होती, तेव्हा ते पुन्हा बसवणारेही तयार झाले. नाकाच्या मापाचं पान घ्यावं आणि तेवढी त्वचा गालावरून उचलावी, असं सुश्रुतसंहिता सांगते. निखळलेला जबडा शेकून जागेवर आणावा आणि पट्ट्यांनी बांधावा, हेही तिच्यातच आहे.

पुढचा मोठा पुरावा पुण्याजवळचा. टिपूविरुद्धच्या लढाईत इंग्रज फौजेचा कावसजी नावाचा गाडीवान पकडला गेला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं, आणि ती रीत आजही वाचण्यासारखी आहे. आधी मेणाचं नाक करायचं, ते सपाट करून कपाळावर ठेवायचं आणि कडेने रेघ ओढायची. तेवढी त्वचा सोडवायची, मात्र दोन डोळ्यांमधला एक पट्टा तसाच जोडलेला ठेवायचा, म्हणजे रक्त मिळत राहतं. मग ती फिरवून खाली बसवायची आणि वरून काताचा लेप. सुमारे पंचवीस दिवसांनी तो पट्टा कापायचा. इंग्रज डॉक्टरांनी पाहिलेली ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जनने तिथे तीच पद्धत वापरली. त्या पुणेरी कारागिराचं नाव मात्र कुणी टिपून ठेवलं नाही, याची चीड येते.

नाकाला कातडं पुरलं, पण जबड्याचं दुखणं वेगळं. त्याचे दोन तुकडे दिसायला ठीक जुळले, तरी वरचे-खालचे दात नीट मिळाले नाहीत तर माणसाला भाकरी चावता येत नाही. म्हणजे हाड बरोबर बसलं की नाही, हे दात सांगतात. मोडलेल्या जबड्याचे दात सोन्याच्या तारेने बांधावेत, असं प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या ग्रंथांतही आहे. अमेरिकेत सायमन हलिहेनने १८४९ मध्ये लहानपणी भाजल्यामुळे पुढे वाढलेला एका तरुणीचा जबडा कापून मागे घेतला. १९०१ मध्ये फ्रान्सच्या रने ल फोरने मृतदेहांच्या चेहऱ्यांवर आघात करून पाहिले. वरचा जबडा ठरावीक तीन रेषांत फुटतो, हे त्याने दाखवलं. आजही रिपोर्टवर ‘ल फोर टू’ असं लिहून येतं ते त्यामुळेच.

खरी सांधेजोड पहिल्या महायुद्धाने केली. खंदकातून डोकं वर काढणाऱ्या सैनिकांचे चेहरे उडत होते. कान-नाक-घशाचे डॉक्टर हॅरल्ड गिलीज यांनी १९१७ पासून इंग्लंडमधल्या सिडकपच्या रुग्णालयात दंतवैद्यांना सोबत घेतलं. त्वचा गिलीजकडे, हाडं-दात दंतवैद्यांकडे. पुढे १९५० च्या दशकात ह्यूगो ओब्वेगेजर या सर्जनने तोंडाच्या आतून, चेहऱ्यावर व्रण न ठेवता जबडा सरकवायची पद्धत आणली. १९७० च्या दशकात मोडलेलं हाड जोडून धरणाऱ्या छोट्या धातूच्या प्लेटी आल्या आणि दात आठवडेच्या आठवडे तारेने आवळून पेजेवर दिवस काढणं बऱ्याच रुग्णांचं टळलं.

जर्मनीत या शाखेसाठी वैद्यक आणि दंतवैद्यक अशा दोन्ही पदव्या लागतात. आपल्याकडे बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीनंतर तीन वर्षांचं एमडीएस, म्हणजे त्यातलं पदव्युत्तर शिक्षण. महाराष्ट्रात ही पदवी १९९८ मध्ये स्थापन झालेलं नाशिकचंच आरोग्य विज्ञान विद्यापीठ देतं.

अपघाताइतकंच काम आता सुपारी आणि गुटखा देतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते, ते टपरीवर दिसतंच. सुपारीने गालाच्या आतला थर कडक होऊन त्याचे पट्टे आवळतात, तिखट झोंबू लागतं आणि पुढे स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जात नाहीत. या दुखण्यात कर्करोगाचाही धोका असतो. आवळलेले पट्टे कापले, तरी तोंड उघडण्याचा व्यायाम महिनोन्‌महिने करावा लागतो, नाहीतर ते पुन्हा आवळतं. आणि हे बहुतेकदा आधी लक्षात येतं ते दाढ दाखवायला गेल्यावर, ‘आ करा’ म्हटलं आणि तोंड उघडलंच नाही की.