बोक्याचा दर्प आणि भिंतीत मुरलेला धूर

पावसाळा लागला की काही घरांत जुना वास पुन्हा डोकं वर काढतो. मांजर जाऊन वर्ष झालेलं असतं, उन्हाळाभर कुणाला काही जाणवलेलं नसतं आणि अचानक सोफ्याच्या कोपऱ्यातून भपकारा येतो. वासाचे रेणू गादीच्या कापसात, लाकडात, भिंतीच्या गिलाव्यात चिकटून बसलेले असतात. हवा दमट झाली की पाण्याचे रेणू त्यांची जागा बळकावतात आणि त्यांना हवेत ढकलतात. उदबत्ती लावली किंवा रूम फ्रेशनर मारला तर तेवढ्यापुरता वास झाकला जातो, आतला साठा मात्र जिथल्या तिथे राहतो.

मांजराच्या लघवीत दोन वेगवेगळ्या गोष्टी घडतात. युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात, तो नाकाला झोंबतो. बोक्याचा खास दर्प मात्र फेलिनीन या गंधकयुक्त अमिनो आम्लातून येतो. फेलिनीनला स्वतःला वास नसतो. ते सावकाश तुटतं आणि त्यातून थायॉल वर्गातली संयुगं बाहेर पडतात. स्वयंपाकाच्या गॅसची गळती कळावी म्हणून सिलिंडरमध्ये घातलं जाणारं इथाइल मरकॅप्टन याच कुळातलं. अशी संयुगं हवेत अब्जावधीत एखादा भाग असली तरी आपल्या नाकाला कळतात. फेलिनीन बनवण्यात कॉक्झिन नावाच्या प्रथिनाचा हात असतो, हे जपानी संशोधकांनी 2006 मध्ये दाखवलं. नसबंदी न झालेल्या बोक्यांत फेलिनीन सर्वांत जास्त असतं, त्यामुळे वेळेवर केलेली नसबंदी हा या वासावरचा सर्वांत चांगला उपाय आहे, असं माझं ठाम मत आहे.

डाग पडलेलाच असेल तर आधी तो शोधायला हवा. अंधारात अतिनील टॉर्च मारला की वाळलेली लघवी चमकते, आणि बहुतेक वेळा ती फरशांच्या सांध्यांत झिरपलेली सापडते. वरवर पोछा मारून तिथे काहीच पोचत नाही. एन्झाइमयुक्त क्लीनर सांध्यात मुरेल इतका ओतावा आणि जागा बराच वेळ ओली ठेवावी, कारण कोरडं पडलं की एन्झाइमचं काम थांबतं. थायॉलवर हायड्रोजन पेरॉक्साइड उत्तम चालतं. स्कंक या अमेरिकी प्राण्याच्या फवाऱ्याची दुर्गंधीही थायॉलचीच; तिच्यावरची अमेरिकी रसायनतज्ज्ञ पॉल क्रेबॉम यांची कृती 1993 मध्ये प्रसिद्ध झाली: सुमारे लिटरभर 3 टक्के पेरॉक्साइड, पाव कप खाण्याचा सोडा आणि चमचाभर भांडी घासायचा लिक्विड साबण. ऑक्सिजनमुळे थायॉलचं रूप बदलतं आणि वास जातो. बाटलीवर 6 टक्के लिहिलं असेल तर तेवढंच पाणी घालावं. हे मिश्रण बंद बाटलीत ठेवू नये, वायू साठून ती फुटते. कापडाचा रंगही उडू शकतो, म्हणून आधी कोपऱ्यात लावून बघावं.

फिनेल मात्र मांजराच्या घरात नकोच. त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं निकामी करण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार तोकडी असते, आणि पंजे चाटताना ती पोटात जातात. लघवीवर ब्लीच ओतलं तर अमोनियाशी संयोग होऊन क्लोरामाइन हा विषारी वायू तयार होतो.

सिगारेटचा धूर याहून चिवट. अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या संशोधकांनी धूम्रपान करणाऱ्यांनी सोडलेली घरं तपासली. ती साफ करून सरासरी दोन महिने रिकामी ठेवलेली होती, तरी तिथे राहायला आलेल्या, सिगारेट न ओढणाऱ्या लोकांच्या बोटांवर निकोटिन सापडलं. भिंतीवरचं हे निकोटिन हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग पावून कर्करोगकारक नायट्रोसामाइन तयार करतं, हे 2010 मध्ये अमेरिकेतल्याच लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने दाखवलं. म्हणून हा प्रश्न नुसत्या वासाचा राहत नाही, विशेषतः घरात रांगणारं बाळ असेल तर. ओझोन सोडणारी यंत्रं यावर विकली जातात, पण वास घालवण्याइतका ओझोन फुप्फुसांना घातक असतो.

भिंतीवर ओलं पांढरं फडकं फिरवा, ते पिवळट तपकिरी निघेल. आधी डिटर्जंटच्या कोमट पाण्याने, मग पातळ व्हिनेगरने पुसावं, कारण निकोटिन अल्कधर्मी असतं. त्यावर थेट डिस्टेंपर मारला तर डाग वर फुटून येतात. लाखेवर आधारित प्रायमरचा थर ते अडवतो. सुतार पॉलिशसाठी स्पिरिटमध्ये विरघळवतात तीच चपडा लाख. पडदे धुवावेत, मुरलेल्या गाद्या आणि उशा सरळ बदलाव्यात. एसीची जाळी आणि कॉइलही धुवून घ्यायला हवी, नाहीतर नव्या रंगाच्या खोलीत एसी सुरू करताच जुन्या भाडेकरूची सिगारेट पुन्हा जाणवते.