सेलआउट (रॉक संगीत)

सेलआउट : पैसा, प्रसिद्धी किंवा मोठ्या कंपनीचा करार यांपायी बँडने आपली भूमिका सोडली, असा चाहत्यांकडून व इतर कलावंतांकडून होणारा आरोप. १९६५ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलनने इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली, तेव्हा लोकसंगीताच्या कडव्या चाहत्यांनी त्यालाही हेच ऐकवले. आरोपाला खरी धार मात्र १९७० च्या दशकातील पंक (मोठ्या कंपन्यांना नाकारणाऱ्या, आक्रमक रॉक संगीताच्या) चळवळीत आली.

गोम असते ती करारात. कंपनी बँडला मोठी आगाऊ रक्कम देते आणि ऐकणाऱ्याला वाटते, पोरे मालामाल झाली. बीडकडचा ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतो आणि हंगामभर कोयता चालवून ती फेडतो, तसाच हा व्यवहार. ही रक्कम, आणि बहुधा रेकॉर्डिंगचा खर्चही, बँडच्या रॉयल्टीतून (विक्रीतल्या वाट्यातून) वळता होतो. हे सगळे फिटेपर्यंत विक्रीतले फारसे काही हाती पडत नाही. मास्टर रेकॉर्डिंगचा (गाण्याच्या मूळ ध्वनिमुद्रणाचा) हक्क बहुतेकदा कंपनीकडेच राहतो. फरक एवढाच, की अल्बम पडला तर बँडच्या दारात वसुलीला सहसा कोणी येत नाही. म्हणून बँडने किती पैसे घेतले, यापेक्षा काय लिहून दिले हे आधी पाहावे.

लंडनच्या ‘द क्लॅश’ या पंक बँडने जानेवारी १९७७ मध्ये सीबीएस या बड्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला. कंपनीने त्यांना न विचारता ‘रिमोट कंट्रोल’ हे गाणे बाजारात आणले. बँडने त्याच वर्षी ‘कम्प्लीट कंट्रोल’ हे निषेधाचे गाणे काढले, आणि तेही सीबीएसनेच विकले! पुढे १९८० मध्ये ‘सँडिनिस्टा!’ हा तीन तबकड्यांचा अल्बम स्वस्तात मिळावा म्हणून पहिल्या दोन लाख प्रतींवरची रॉयल्टी त्यांनी सोडली. त्यांना सरसकट विकाऊ म्हणणे जड जाते.

अमेरिकेतल्या ‘ग्रीन डे’ या पंक बँडने मोठ्या कंपनीशी करार करताच, अशा बँडना थारा न देणाऱ्या बर्कलीच्या ९२४ गिलमन या क्लबचे दार त्यांना बंद झाले, तिथे ते पुन्हा वाजवायला गेले २०१५ मध्ये. उलट वॉशिंग्टनच्या ‘फुगाझी’ या बँडने तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवले आणि बँडच्या नावाचे टी-शर्टही विकले नाहीत. त्यांना ते परवडले, कारण ज्या डिस्कॉर्ड कंपनीतून त्यांचे अल्बम निघत, तिच्या संस्थापकांपैकी इयन मकाय हा त्यांचाच गायक होता.

मराठवाड्यात हा वाद रॉकपेक्षा भीमगीतांच्या गायन पार्ट्यांभोवती ऐकू येतो. १४ एप्रिलची जयंती आणि १४ जानेवारीला छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठ गेटवर होणारा नामविस्तार दिन (विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव १९९४ मध्ये मिळाले) हे त्यांचे मोठे दिवस. सुपारी घेतली, मानधन ठरवून मागितले, म्हणून इथला श्रोता सहसा रागावत नाही. गायकाचे घर त्यावरच चालते हे त्याला ठाऊक असते. तो बोट ठेवतो उसन्या फिल्मी चालीवर, आणि त्याहून जास्त, निवडणुकीत गायक कुणाच्या मंचावर गेला यावर. नकार द्यायचा तर फुगाझीसारखे हाती काहीतरी स्वतःचे लागते. गावोगावच्या पार्टीची साउंड सिस्टीमसुद्धा अनेकदा भाड्याची असते.